कर्माविण कृपा : ख्रिस्ती तारणविचारातील एक जुना वाद

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दिनार मजुरी ठरवून मजूर कामावर लावतो. सकाळी, दुपारी आणि दिवस मावळायला जेमतेम तासभर उरला असतानाही तो पुन्हा बाजारात जातो. कोणीच काम न दिल्यामुळे ताटकळत उभे असलेले मजूर घेऊन येतो. संध्याकाळी हिशेब होतो, तेव्हा तासभर राबलेल्याच्या हातावर एक दिनार पडतो आणि दिवसभर उन्हात राबलेल्याच्या हातावरही तेवढाच. पहाटेचे मजूर कुरकुरतात. ठरलेली मजुरी तुम्हाला मिळाली आहे, मग माझे औदार्य तुमच्या डोळ्यांत का सलावे, असे मालक त्यांना विचारतो. कोणत्याही कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला हा न्याय पटणार नाही. दाखल्याचा रोखही नेमका तेथेच आहे.

मनुष्याचे तारण त्याच्या सत्कृत्यांचे वेतन म्हणून होत नाही; ते देवाच्या कृपेचे दान आहे आणि विश्वासाने ते स्वीकारावयाचे असते, असा जो ख्रिस्ती सिद्धान्त आहे, त्याचे बीज अशा दाखल्यांत आढळते. देवळात स्वतःच्या उपासांचा आणि दशमांशाचा पाढा वाचणारा परूशी रिकाम्या हाताने परततो, आणि छाती बडवून दयेची याचना करणारा जकातदार मात्र नीतिमान ठरून घरी जातो, ही लूकाच्या शुभवर्तमानातील कथाही त्याच जातीची. या एका सिद्धान्तावरून सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले, राज्ये एकमेकांविरुद्ध उभी राहिली, आणि तो तंटा कागदोपत्री मिटण्यास १९९९ साल उजाडावे लागले.

मराठी वाचकाला येथे प्रथम शब्दांशी थोडी झटापट करावी लागते. ‘तारण’ म्हटले की त्याला बँकेत गहाण ठेवलेले दागिने आठवतात. मराठी बायबलमधील ‘तारण’ मात्र ‘तारणे’, म्हणजे बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे, या अर्थाचे आहे. ‘नीतिमान ठरणे’ हा मराठी बायबलमधील शब्दप्रयोग मूळ ग्रीकमध्ये न्यायालयातील भाषेशी निगडित आहे : आरोपी निर्दोष ठरतो, त्याची गणना सज्जनांत होते. आणि सर्वांत अडचणीचा शब्द म्हणजे ‘कर्म’. मराठी मनात कर्म म्हटले की कर्मविपाक आणि पुनर्जन्माची साखळी डोळ्यांसमोर येते. ज्या कर्मांविषयी पौल लिहितो ती प्रामुख्याने मोशेच्या नियमशास्त्रातील कर्मे होती : सुंता, शब्बाथाचे पालन, खाण्यापिण्याचे निर्बंध. येशूवर विश्वास ठेवणाऱ्या परक्या जातींच्या लोकांनी आधी यहुदी रीतिरिवाज पत्करलेच पाहिजेत काय, असा पहिल्या शतकातील व्यावहारिक पेच होता. पौलाने गलतीकरांस आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याचे उत्तर ठामपणे नकारार्थी दिले. त्याने दाखला दिला तो अब्राहामाचा. अब्राहामाला नीतिमान गणण्यात आले ते सुंतेच्या आधी, नियमशास्त्र अस्तित्वात येण्याच्या कित्येक पिढ्या आधी, आणि तेही केवळ त्याने देवाच्या वचनावर भरवसा ठेवला म्हणून. पौलाच्या दृष्टीने कृपा ही कमाई असेल, तर ती कृपाच उरत नाही.

पुढील तीन शतके या पत्रांचे वाचन होत राहिले. परंतु कृपा आणि मानवी प्रयत्न यांचा नेमका हिशेब कोणी मांडला नव्हता. तो मांडण्याची वेळ आणली पेलागियस या ब्रिटनमधून रोमला आलेल्या तपस्व्याने. तो कडक शिस्तीचा, स्वच्छ आचरणाचा मनुष्य होता. देव अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही, आज्ञा केली आहे त्याअर्थी ती पाळण्याची शक्ती मनुष्यात आहेच, असे त्याचे साधे आणि सुसंगत तर्कशास्त्र होते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने ‘कन्फेशन्स’मध्ये देवाला अशा आशयाची विनवणी केली होती की, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळही तूच दे. ती ऐकून पेलागियस अस्वस्थ झाला. असल्या प्रार्थनेने माणसे आळशी होतील, अशी त्याची भीती होती. इ. स. ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटल्यावर तो आफ्रिकेमार्गे पॅलेस्टाइनला गेला आणि वाद पेटला.

ऑगस्टीनचे म्हणणे त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून आले होते. चांगले काय हे ठाऊक असूनही वर्षानुवर्षे ते करता न येणे त्याने अनुभवले होते. त्याच्या मते मनुष्याचा रोग अज्ञान हा नव्हे, तर त्याची इच्छाशक्तीच आजारी आहे. आजारी इच्छाशक्तीला ‘बरी हो’ असे बजावून काय उपयोग? आधी कृपेने ती बरी व्हावी लागते, मग सत्कृत्ये होतात. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते त्याज्य ठरविली. ५२९ मध्ये ऑरेंज येथील सभेने एक पाऊल पुढे जाऊन विश्वासाचा आरंभही कृपेनेच होतो, असे घोषित केले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च मात्र या वादात फारसे ओढले गेले नाही. देवाची कृपा आणि माणसाची संमती यांचे सहकार्य, ही त्यांची मांडणी आजही कायम आहे.

तात्त्विकदृष्ट्या ऑगस्टीन जिंकला. व्यवहारात पेलागियस पुन:पुन्हा मागच्या दाराने आत येत राहिला, असे म्हणावयास हरकत नाही. मध्ययुगाच्या अखेरीस जर्मनीत गाब्रिएल बील या पंडिताची शिकवण प्रतिष्ठित होती : मनुष्याने आपल्या परीने होईल तेवढे सर्व केले, तर देव त्याला कृपा नाकारत नाही. वरकरणी हे वाक्य किती दिलासा देणारे! पण ‘होईल तेवढे सर्व’ आपण केले आहे, हे कोणी कसे ठरवावे?

याच प्रश्नाने मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) या तरुण संन्याशाची झोप उडविली. कायद्याचा अभ्यास सोडून १५०५ साली तो एर्फुर्ट येथील ऑगस्टीनपंथी मठात दाखल झाला होता. उपास, जागरणे, प्रार्थना यांत त्याने कसूर ठेवली नाही. तासन्‌तास पापकबुली करून बाहेर पडावे, तोच एखादे विसरलेले पाप आठवावे आणि पुन्हा परतावे, असा त्याचा क्रम होता. त्याचा मठप्रमुख श्टाउपित्झ या कबुल्यांना कंटाळून गेला होता. बायबलमधील ‘देवाचे नीतिमत्त्व’ हे शब्द ल्यूथरला धडकी भरवत. देव नीतिमान आहे म्हणजे तो पाप्याला शिक्षा करणारच, हा त्यांचा रूढ अर्थ. विटेनबर्गच्या विद्यापीठात १५१३ पासून स्तोत्रसंहिता आणि १५१५–१६ मध्ये रोमकरांस पत्र शिकविताना या शब्दांचा दुसरा अर्थ त्याच्या मनात आकार घेऊ लागला : हे नीतिमत्त्व देव माणसाकडून वसूल करीत नाही, तर विश्वासाने धाव घेणाऱ्याला बहाल करतो. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १५४५ मध्ये, त्याने या साक्षात्काराची हकीकत लिहून ठेवली. स्वर्गाचे दार उघडल्यासारखे वाटले, असे त्याने म्हटले आहे. हा क्षण नेमका कोणत्या वर्षीचा, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

दरम्यान या अमूर्त प्रश्नाला पैशाचे पाय फुटले होते. तत्कालीन शिकवणीनुसार पापकबुलीने पापाचा दोष माफ होई, पण त्याची ऐहिक शिक्षा शिल्लक राही. ती येथे प्रायश्चित्ताने अथवा मरणोत्तर शुद्धिस्थानात भोगावी लागे. संतांच्या पुण्यसंचयातून ही शिक्षा कमी करण्याचा अधिकार चर्चला आहे, या समजुतीवर पापदंडमाफीची पत्रे, म्हणजेच ‘इंडल्जन्स’, उभी होती. पोप सिक्स्टस चौथे यांनी १४७६ मध्ये त्यांचा लाभ शुद्धिस्थानातील मृतांनाही मिळू शकतो, असे जाहीर केल्यावर मागणीला सीमा राहिली नाही. आपल्या मृत आईबापांसाठी कोण दोन पैसे खर्च करणार नाही?

ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त हा राजपुत्र माग्डेबुर्गच्या आर्चबिशपपदावर असतानाच माइन्झचेही आर्चबिशपपद मिळवू पाहत होता. एकापेक्षा अधिक पदे घेण्यासाठी रोमला मोठी रक्कम भरावी लागे. ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फिटावे म्हणून पोप लिओ दहावे यांनी त्याच्या मुलखात पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीस परवानगी दिली. उत्पन्नाचा निम्मा भाग रोममधील सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी आणि निम्मा फुगरांच्या कर्जफेडीसाठी, असा हा करार होता. भाविकांना त्यातील केवळ पहिला भाग ठाऊक होता. योहान टेट्झेल हा डोमिनिकन उपदेशक विक्रीस निघाला. सॅक्सनीच्या इलेक्टरने आपल्या हद्दीत त्याला मज्जाव केला होता, म्हणून विटेनबर्गचे लोक सीमा ओलांडून पत्रे विकत आणीत आणि पापकबुलीच्या वेळी ल्यूथरपुढे धरीत. पत्र हाती आहे, मग पश्चात्ताप कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आर्चबिशप आल्ब्रेख्तला तक्रारीचे पत्र लिहिले आणि सोबत वादासाठी काढलेली ९५ विधाने जोडली. ती त्याने चर्चच्या दारावर ठोकली की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पत्र पाठविले, हे निश्चित. या विधानांत केवळ विश्वासाने तारण हा सिद्धान्त पूर्ण रूपात नाही, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. तो नीट मांडला गेला १५२० मधील ‘ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य’ या छोट्या पुस्तकात. झाड चांगले असेल तर फळ चांगले येते, फळामुळे झाड चांगले होत नाही. तद्वत सत्कृत्यांनी माणूस चांगला बनत नाही, कृपेने चांगला ठरलेला माणूस सत्कृत्ये करतो, असा त्याचा युक्तिवाद होता. स्वर्गासाठी पुण्य जमविण्याची गरज उरली नाही, की माणसाचे हात शेजाऱ्याच्या सेवेसाठी मोकळे होतात. जानेवारी १५२१ मध्ये पोपनी त्याला बहिष्कृत केले.

विरोधकांकडे एक भक्कम हत्यार होते आणि ते खुद्द बायबलमध्येच होते. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास मृत आहे, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि दाखला पुन्हा अब्राहामाचाच दिला आहे! ल्यूथरने १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत या पत्राला गवताच्या काडीची उपमा देऊन टाकले. त्याच भाषांतरात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘केवळ’ हा मूळ ग्रीकमध्ये नसलेला शब्द त्याने घातला. टीका झाली तेव्हा, चांगल्या जर्मन भाषेची ती गरज आहे आणि पौलाचा आशयही तोच आहे, असा बचाव त्याने १५३० मध्ये केला. भाषेचा मुद्दा मान्य केला तरी एवढ्या वादग्रस्त जागी हा शब्द घालणे म्हणजे भाषांतरकाराने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणे होय, हा आक्षेप सहज झटकता येत नाही. याकोब ज्याचा निषेध करतो तो विश्वास म्हणजे नुसती बौद्धिक संमती, आणि पौल ज्याची महती गातो तो विश्वास म्हणजे सर्वस्वाने टाकलेला भरवसा. त्यामुळे दोघांत विरोध नाही, असा मेळ पुढे अनेकांनी घातला. तो बऱ्याच अंशी पटण्याजोगा आहे.

कॅथलिक चर्चचे अधिकृत उत्तर आले ते ट्रेंटच्या धर्मसभेत, १३ जानेवारी १५४७ रोजी. ‘कॅथलिकांच्या मते माणूस सत्कर्मांनी तरतो’ ही सर्रास आढळणारी समजूत येथेच खोटी ठरते. या ठरावाच्या ३३ निषेधकलमांपैकी पहिलेच कलम, कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो, असे म्हणणाऱ्याचा धिक्कार करते. नवव्या कलमात, केवळ विश्वास पुरे, कृपेला संमती देण्याची किंवा तिच्यासाठी सिद्ध होण्याची काहीच गरज नाही, या मताचा धिक्कार आहे. मतभेद होता तो वेगळ्या जागी. ल्यूथरच्या मते नीतिमत्त्व ख्रिस्ताचे असते आणि ते पाप्याच्या खात्यावर जमा धरले जाते. म्हणून विश्वासू माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापीही असतो. ट्रेंटच्या मते कृपा माणसाला आतून खरोखर पालटते, आणि त्या कृपेच्या बळावर केलेली कृत्ये पुण्यप्रद ठरतात. पत्रांच्या बाजारालाही याच काळात आळा बसला. १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी निगडित असलेली सर्व माफीपत्रे रद्द केली. पैशाविना मिळणारी पापदंडमाफी कॅथलिक चर्चमध्ये टिकून आहे. २००० आणि २०२५ या ज्युबिली वर्षांतही ती जाहीर झाली होती.

फुटलेल्या दोन्ही बाजूंत पुढे आपापल्या घरचे वाद माजले. कृपा सर्वस्वी देवाची असेल, तर ती काहींनाच का मिळते? काल्व्हिनने पूर्वनियोजनाचा सिद्धान्त मांडला. नेदरलँडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी त्याला हरकत घेतली आणि डॉर्टच्या सभेने (१६१८–१९) त्यांना बाहेर काढले. कॅथलिकांत जेझुइट आणि डोमिनिकन यांचा याच प्रश्नावरील तंटा इतका विकोपाला गेला, की १६०७ मध्ये पोप पॉल पाचवे यांनी निवाडा न देताच सुनावणी आटोपली आणि एकमेकांना पाखंडी न म्हणण्याची ताकीद दिली. लंडनमध्ये २४ मे १७३८ च्या संध्याकाळी ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना कोणीतरी वाचत असताना जॉन वेस्लीचे मन पालटले, आणि त्यातून मेथॉडिस्ट पंथ उभा राहिला.

कृत्यांना किंमत नसेल तर चांगले का वागावे, हा पेलागियसचा प्रश्न मात्र जागचा हलला नव्हता. त्याला सर्वांत टोकदार रूप दिले ते ल्यूथरच्याच पंथातील एका पाद्र्याने. नाझी राजवटीत जर्मनीतील चर्चचा मोठा भाग हिटलरपुढे मान तुकवीत असताना दीट्रिख बॉनहॉफर याने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ या शब्दांत आपल्या चर्चवर हल्ला चढविला. पश्चात्तापावाचून क्षमा, आज्ञापालनावाचून आश्वासन, अशी कृपा ल्यूथरच्या नावावर विकली जात आहे, हा त्याचा आरोप होता. कृपा फुकट आहे, पण तिची किंमत देवाने मोजली आहे. म्हणून ती स्वीकारणाऱ्याचे आयुष्य मागते, असे तो सांगत होता. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले.

महाराष्ट्रात या सिद्धान्ताची सर्वांत जिवंत साक्ष पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह या कुटुंबाने तीर्थयात्रा, व्रते, उपास, दानधर्म यांत सर्वस्व वेचले होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण यांचा मृत्यू रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ मधील आत्मनिवेदनात त्या सांगतात, की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. बाप्तिस्मा आणि धर्माचरण यांवरच त्यांची भिस्त होती; एका परीने जुनेच कर्मकांड नव्या नावाने चालू होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचल्यावर त्यांना आपल्यात काय उणे आहे ते उमगले, आणि तारण हे कमवावयाचे नसून घ्यावयाचे आहे, ही खूणगाठ पटली. त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याकडे पाहिले, तर ‘विश्वासाने माणूस निष्क्रिय होतो’ हा आक्षेप निदान केडगावपुरता तरी गैरलागू ठरतो. १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो निराश्रित मुली व विधवा मुक्तिसदनात आणल्या, त्यांच्यासाठी शाळा आणि छापखाना चालविला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर मृत्यूच्या आधी हातावेगळे केले.

भारतीय वाचकाला या वादाची ओळख अन्यत्रही पटते. रामानुजांच्या श्रीवैष्णव परंपरेत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष आहेत. माकडीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. वडकलै पंथ पहिल्या बाजूचा, तेंकलै दुसऱ्या. जर्मन विद्वान रुडॉल्फ ऑटो याने १९३० मध्ये या साम्याचा सविस्तर ग्रंथच लिहिला. साम्य खरे असले, तरी ते ताणू नये. तेथील बंधन जन्ममरणाचे आहे, तर पौल आणि ल्यूथर यांच्यापुढील प्रश्न अपराधाच्या क्षमेचा आहे आणि ती क्षमा एका ऐतिहासिक क्रूसमरणाशी बांधलेली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासाची दिशा पालटली. १९७७ मध्ये इ. पी. सँडर्स यांनी पहिल्या शतकातील यहुदी ग्रंथांच्या आधारे दाखविले, की यहुदी धर्म हा पुण्याचा हिशेब ठेवणारा कर्मठ धर्म नव्हता; त्यातही देवाची निवड आधी आणि नियमपालन नंतर, असाच क्रम होता. ल्यूथरने आपल्या काळचा चर्चशी असलेला तंटा पौलाच्या पत्रांत वाचला, असे त्यामुळे अनेकांना वाटू लागले. शतकानुशतके व्यासपीठांवरून रंगविले गेलेले परूशींचे विद्रूप चित्र यहुद्द्वेषाला खतपाणी घालीत आले होते. खुद्द ल्यूथरने १५४३ मध्ये यहुद्यांविरुद्ध अत्यंत विखारी पुस्तक लिहिले होते, हे पाहता हा प्रश्न केवळ ग्रंथालयापुरता नव्हता.

कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय यांच्यात दीर्घकाळ चाललेल्या बोलण्यांतून अखेर एक संयुक्त घोषणापत्र सिद्ध झाले. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव मनुष्याला स्वीकारतो आणि त्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो, असा त्याचा गाभा आहे. घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातील परस्परांचे धिक्कार लागू होत नाहीत, हेही दोन्ही पक्षांनी मान्य केले. जर्मनीतील शंभराहून अधिक प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी त्याला विरोध केला. ‘एकाच वेळी नीतिमान आणि पापी’ या सूत्रावर व्हॅटिकननेही हरकत घेतली होती, त्यासाठी पुरवणी जोडावी लागली. २००६ मध्ये मेथॉडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने या करारात सहभाग घेतला. प्रभुभोजन मात्र अद्याप एका मेजावर होत नाही.

मूळ करारावर सह्या झाल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, आउग्सबुर्गच्या सेंट अ‍ॅना चर्चमध्ये. आल्ब्रेख्तला कर्ज देणाऱ्या त्या फुगर घराण्याचे प्रार्थनामंदिर आणि दफनस्थान याच चर्चमध्ये आहे.